फौजी कोट आणि पळालेला नवरदेव

मानवतकडे लग्नाला निघालात तर खुशाल जा, पण फौजी कोट घालून जाऊ नका. मी गेलोय, म्हणून सांगतो.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन वर्ष उलटलं होतं. सेलूला आमच्या उस्तादांनी लग्नाचा बँड काढला आणि बाजारात स्वस्तात निघालेले निजामी फौजेचे कोट सगळ्यांच्या अंगावर चढवले. ड्रमवर मी, तोही कच्चा. "इस शादी में ठेका चुका तो घर बैठ," उस्तादांनी बजावलं. घरी बसणं म्हणजे जिनिंग, सरकी काढायचा कारखाना. वडिलांनी तिथं शब्द टाकून ठेवला होता. कापसाच्या धुळीत मला जन्म काढायचा नव्हता.

सकाळच्या गाडीनं मानवत रोडला उतरलो. स्टेशनबाहेरची भजी उत्तम, चहा नुसता गोड. पुढे बैलगाडी. रस्ता असा, की ड्रम मांडीवर घेऊन बसलो, नाहीतर तो वाटेतच वाजला असता. शिवेवर उस्तादांनी आम्हाला रांगेत उभं केलं, कदम मिळवून आत शिरायचं म्हणाले. मी ड्रमवर काडी मारली.

"फौज आली!" कोणीतरी ओरडलं आणि गाव रिकामं झालं. वऱ्हाड ज्वारीत, आचारी झाऱ्यासकट गोठ्यात, नवरदेव मुंडावळ्यांसह शिवारात. म्हातारे पाटील तेवढे हात वर करून माझ्यापुढं आले.

"सायेब, आमी कायबी केलं न्हाई. लगीन करायलोत फकस्त."

"रुकना नक्को," मागून उस्ताद. मी ठेका चालू ठेवला. पाटलांनी कान दिला. "आरं, ह्यो तर वरातीचा ठेका हाय!"

ज्वारीतून एकेक डोकं वर आलं. नवरदेव मात्र थांबेना. बोलवायला म्हणून आम्ही वाजवत मागे गेलो, तर तो आणखी जोरात पळाला. शेवटी उस्तादांनी कोट उतरवायला लावले. सगळा बँड बनियनवर बांधावरून धावतोय, पुढे पोटावर ड्रम घेऊन मी! ओढ्यापाशी नवरदेव दमून बसला. "लय वाजवता बा तुमी," एवढंच म्हणाला.

मुहूर्त कसाबसा गाठला. वरात बनियनवरच काढली, कारण कोट पाटलांनी बुजगावण्यांना मागून घेतले.

परतीच्या गाडीत उस्ताद म्हणाले, "गाव भागा, दूल्हा भागा, तेरा ठेका नै भागा. पक्का!" मला रडूच फुटलं.

घरी आणण्यासारखी माझ्याजवळ तेवढी शाबासकीच होती. वडिलांना सगळी हकिकत सांगितली आणि जिनिंगला जात नाही म्हणालो. सकाळी बघतो तर ते उशाशी उभे, हातात त्यांची सणासुदीची बंडी.

"घाल," म्हणाले. "निदान बनियनवर तरी वाजवू नको."