सोळा हजारांची मूर्ती दहा हजारांत

आमच्या घरात पैशाचं मी बघते.

यात मोठेपणा काही नाही, सोय आहे. शहागंजच्या बाजारातल्या एका पतसंस्थेत मी वीसेक वर्षं कॅशियर आहे. खोटी नोट मला बोटांनाच कळते, डोळ्यांपर्यंत जावं लागत नाही. आमचे हे शाळेत क्लार्क. माणूस चांगला, पण भाव करायला उभा केला तर दुकानदाराच्या बाजूनं बोलायला लागतो. (“त्यालाही परवडलं पाहिजे ना, सुनंदा.”) त्यामुळं पुढं जे काही झालं ते माझ्या हातून झालं, त्यांच्या नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ते सांगतील.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या गंगापूर तालुक्यात, आमच्या गावी राहतात. गावात नवीन विहार बांधून झालं, पण आत मूर्ती नव्हती, नुसता फ्रेम केलेला फोटो होता. महिला मंडळाच्या बैठकीत आत्याबाई उठल्या आणि सगळ्यांसमोर बोलून बसल्या, की मूर्ती आणायची तर लुंबिनीहून, आणि ती मी आणीन. बायकांनी कापूस वेचून, खुरपणीला जाऊन दहा हजार रुपये जमवले आणि आत्याबाईंच्या हवाली केले. आत्याबाईंनी ते माझ्या हवाली केले, आणि सोबत एक अट.

“ह्याच्यात आपल्या घरचा एक रुपया घालायचा नाय.”

“आणि कमी पडले तर?”

“पडू दे. मागं त्या पाटबंधाऱ्यातल्या साहेबानं पंखा दिला, तर पात्यांवर नाव टाकून दिला. पंखा फिरला की नाव फिरतंय. मूर्ती समद्या बायांची पायजे, एका घरची नको.”

अट साधी होती. दहा हजारांत मूर्ती मिळाली तर आणायची, नाही मिळाली तर आत्याबाईंनी रिकाम्या हातानं गावात उतरायचं. सत्तरीच्या बाईनं चारचौघींत दिलेला शब्द होता. मी म्हटलं, बघते मी.

आमची पंचवीस-तीस जणांची बस धम्मयात्रेला निघणार होती: सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि शेवटी सरहद्द ओलांडून लुंबिनी. नेपाळमध्ये तेव्हा शंभराच्या वरची भारतीय नोट चालत नसे. हे मला माहीत होतं. मी बसच्या ग्रुपवर तीनदा लिहिलं, की सगळ्यांनी शंभराच्या नोटा घ्या. आमच्या शाखेत बांगडीवाले, फळवाले रोज शंभराच्या नोटा भरतात, तेव्हा आमच्या पाचशेच्या नोटा मी रीतसर सुट्ट्या करून घेतल्या. विहाराच्या दहा हजारांची तर बँकेसारखी पट्टी लावून गड्डीच केली. आत्याबाईंनी ती पदराखालच्या पिशवीत ठेवली आणि तेव्हापासून त्या जरा डावीकडं झुकून चालायला लागल्या.

ग्रुपवरचा निरोप सगळ्यांनी वाचला. हर्सूलच्या कांताबाई सोडून. कांताबाई निवृत्त नर्स, मोबाईलवर फक्त नातवाचे फोटो बघतात. सुनौलीला, सरहद्दीच्या अलीकडं बस थांबली आणि त्यांनी पर्स उघडली, तर आत सगळ्या पाचशेच्या नोटा.

मी त्यांना चार माणसांत बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. मग हाताला धरून नोटा बदलून देणाऱ्याच्या टपरीवर नेलं. तो आपल्या शंभराला नेपाळी एकशे साठ देत होता. मी त्याच्यासमोर मोजून घेतले, पुन्हा मोजले, आणि कांताबाईंना समजावलं, की नेपाळी आकडा ऐकून घाबरायचं नाही, एक पॉइंट सहानं भागायचं, की आपले रुपये येतात.

“मला नाही बाई ते भागायला यायचं,” कांताबाई म्हणाल्या.

“मला विचारा,” मी म्हटलं.

झालं. बसमधल्या सगळ्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. माळ एवढ्याला, म्हणजे आपले किती? टोपी एवढ्याला, म्हणजे किती? मी खिडकीबाहेर बघत उत्तरं देत होते. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

त्याच टपरीवर मी आत्याबाईंना विचारलं, की तुमचे पण बदलून घेऊ का? त्यांनी कांताबाईंच्या हातातली नेपाळी नोट घेऊन नीट पाहिली.

“ह्याच्यावर गेंडा हाय.”

“असू द्या की. तिकडं तीच चालते.”

“बायांनी दिले तेच पैसे द्यायचे. गेंड्याचे मला नाय पायजेत.”

शंभराच्या भारतीय नोटा तिकडं चालतच होत्या, म्हणून मी जोर केला नाही. तिकडचे दुकानदार भारतीय रुपयांना ‘आयसी’ म्हणतात आणि नेपाळीला ‘एनसी’, एवढं मी टपरीवाल्याकडून शिकून घेतलं आणि पुढं निघाले. सरहद्दीलगत चहा प्यायलो, पुरी-भाजी खाल्ली, तिथं सगळे आयसीतच भाव सांगत होते. परदेशात आल्यासारखं वाटतच नव्हतं. पाट्या देवनागरीत, आकडे देवनागरीत, पैशाचं नावही रुपयाच. दुबईला गेले असते तर माणूस जागा राहिला असता. इथं मला आमच्या शहरातल्या गुलमंडीच्या पुढच्या चौकात आल्यासारखं वाटत होतं, आणि घात तिथंच झाला.

लुंबिनीत दर्शन झालं. आत्याबाई बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, “चला आता मूर्तीचं.” बस सुटायला तासभर होता. बाहेर दुकानांची रांग होती. दुसऱ्याच दुकानात आत्याबाई थांबल्या. पितळेची, हातभर उंच, ध्यानस्थ मूर्ती. त्यांनी दुसरीकडं पाहिलंच नाही. मी मूर्तीच्या पायाशी लावलेली चिठ्ठी वाचली. स्वच्छ देवनागरीत लिहिलं होतं, रु. १६,०००.

आत्याबाईंना आकडे वाचता येतात. त्यांनी पदराखाली हात घातला, गड्डी चाचपली आणि हात तसाच राहू दिला. आमचे हे म्हणाले, “सुनंदा, एक विचारू का, हे सोळा हजार म्हणजे...”

“थांबा तुम्ही,” मी म्हटलं.

सहा हजार खाली आणायचे होते, आणि हाताशी तास होता. शहागंजात याहून कमी वेळात मी याहून मोठी कामं केली आहेत.

पहिली पायरी हसायची. मी हसले. दुसरी पायरी निम्म्याहून कमी सांगायची.

“भैया, छे हजार.”

दुकानदार तिशीतला, गोरा, शांत. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मूर्तीकडं पाहिलं, आणि विचारलं, “दिदी, छे हजार आयसी?”

“आयसीच. और क्या?”

त्यानं मान खाजवली. मला वाटलं, घायाळ झाला. मग तो म्हणाला, “नहीं दिदी, छे में नहीं होगा.” हे त्यानं इतक्या हळू सांगितलं, की मला त्याची दयाच आली. (दया भावात दाखवायची नसते. मी दाखवली नाही.)

तिसरी पायरी खोट काढायची. मी मूर्ती उचलून उजेडात धरली आणि म्हटलं, नाक जरा बसकं आहे. त्याबरोबर आत्याबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणी आलं.

“कुणाला नावं ठेवती तू?”

“घडवणाऱ्याला ठेवते, आत्याबाई.”

मूर्तीच्या चेहऱ्यावर मंद हसू होतं. ते कशाबद्दल असावं, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

मी सातवर गेले. तो मान हलवत राहिला. माझ्या लक्षात आलं, की तो स्वतःहून खालचा आकडा सांगतच नव्हता, मीच वर चढत होते. पण काही दुकानदार असतात तसे घट्ट. मी आठ म्हटल्यावर त्यानं चहा मागवला. साडेआठला चहा आला. आमचे हे चहा घेता घेता म्हणाले, “अगं, त्याला एकदा विचार तर, की चिठ्ठीवरचे रुपये...”

“तुम्ही चहा प्या.”

चौथी पायरी निघून जायची. मी आत्याबाईंचा हात धरून बाहेर आले. त्यांचे पाय निघेनात. दहा पावलं गेल्यावरही दुकानदार हाक मारेना. शहागंजात पाचव्या पावलाला हाक येते. मी चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून थांबले, खडा काढला, दुसऱ्या चपलेतलाही काढला. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला आणि आत्याबाई एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे सुनंदा. फोटो हाय की विहारात.”

मी वळले आणि थेट दुकानात शिरले.

“देखो भैया, ये बुढ़िया लई दूरसे आयी है. गांव की औरतोंने मजूरी करके पैसे जमा किये. दस हजार हैं. इसके ऊपर एक पैसा नहीं. देते क्या बोलो, नक्को तो नक्को बोलो.”

“दस हजार आयसी?”

“आयसी. कड़क, सौ-सौ के. पट्टी लगा के.”

त्यानं वर छताकडं पाहिलं. ओठ हलले. मी समजले, की मनातल्या मनात नुकसान मोजतोय. मग त्यानं दोन्ही हात जोडले.

“ले जाइये, दिदी. आपसे कौन जीतेगा.”

आत्याबाईंनी गड्डी काढून दोन्ही हातांनी त्याला दिली. त्यानं ती कपाळाला लावली. मूर्ती कापसात गुंडाळून खोक्यात घातली, वर पांढरा रेशमी रुमाल फुकट दिला, आत्याबाईंच्या पाया पडला आणि बसपर्यंत खोकं स्वतः उचलून आणलं. मी ह्यांना म्हटलं, बघा, भाव पाडला तरी माणूस दुखावला नाही पाहिजे, ही कला असते. हे लगबगीनं बसमध्ये चढले.

बसमध्ये आत्याबाईंनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की सोळाची मूर्ती माझ्या सुनेनं दहात आणली. टाळ्या पडल्या. खोकं उघडून मूर्ती सीटवर ठेवली, बुद्धवंदना झाली. मी मागं टेकून बसले. दंड अजून दुखत होता, पण सुखानं दुखत होता.

तेवढ्यात कांताबाई चढल्या. त्यांच्याही हातात खोकं.

“अगबाई, तुम्ही पण हीच घेतली?” त्या मूर्ती बघून म्हणाल्या. “मी शेजारच्या दुकानातनं घेतली. सोळाच सांगत होता तो पण. म्हटलं बाबा, माझ्याकडं दहाच राहिलेत. दिली लगेच.”

“मग सारखंच की,” मी म्हटलं. जरा हिरमुसले. एवढ्या पायऱ्या चढून मी दहावर आले आणि ही बाई एका वाक्यात.

“हो ना. बरं सुनंदाताई, ते भागून सांगा ना मला. दहा हजार नेपाळी म्हणजे आपले किती झाले?”

“सहा हजार अडीचशे,” मी खिडकीबाहेर बघत म्हटलं.

म्हणजे तोंडानं म्हटलं. डोकं अजून यायचं होतं. ते निवांत आलं. आधी मला ती चिठ्ठी दिसली. मग सोळा हजार भागिले एक पॉइंट सहा, हे गणित आपोआप मांडलं गेलं. त्याचं उत्तर दहा हजार येतं. अगदी नेमकं, मागं अपूर्णांकसुद्धा राहत नाही.

म्हणजे तासभर घासाघीस करून, नाकाला नावं ठेवून, चिमटा खाऊन, दोन्ही चपला झाडून मी मूर्ती चिठ्ठीवरच्या किमतीलाच आणली होती. पैसे पहिल्या मिनिटाला पुरेसे होते. तो दुकानदार नुकसान मोजत नव्हता, भागाकार करत होता. आणि ज्या बाईला मी चार माणसांत बोलले, तिनं माझ्याच हातानं बदलून घेतलेल्या नोटांत तीच मूर्ती पावणेचार हजारांनी स्वस्त आणली होती.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते समोरच्या सीटच्या पाठीकडं फार लक्षपूर्वक बघत होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी तीनदा... नाही, दोनदाच बोललो. दुसऱ्यांदा तू चहा प्यायला सांगितलंस.”

“जोरात बोलायचं होतं.”

“आता बोलू का?”

बसमध्ये सगळ्यांचं लक्ष मूर्तीकडं होतं. आत्याबाई तिच्यावरून पदर फिरवून धूळ पुसत होत्या, जी नव्हतीच. मी म्हटलं, नको.

यात्रेहून परतून आम्ही जीपनं गावी पोचलो तेव्हा बायका पांढऱ्या साड्या नेसून फाट्यावर उभ्या होत्या. मूर्ती बसली. सोळाची दहात आणल्याची कथा आत्याबाईंनी जिथं तिथं सांगितली, आणि प्रत्येक वेळी दुकानदार थोडा जास्त रडला. पावणेचार हजार मला खात होते. घरचा रुपया मूर्तीत घालायचा नव्हता, म्हणून मी महिनाभरानं विहाराला तेवढ्याच किमतीचे दोन पंखे दिले आणि पंखेवाल्याला बजावलं, की पात्यांवर एक अक्षर टाकायचं नाही. त्यावर गावात बोलणं झालं, की बाई किती साधी, नावसुद्धा नको म्हणाली. महिला मंडळानं त्याच पंख्यांखाली माझा सत्कार ठेवला. मला चार शब्द बोलायला लावले. विषय: व्यवहारात फसू नये म्हणून काय काळजी घ्यावी.

मी बोलले. चांगलं बोलले, असं म्हणतात.

सत्कारात पुष्पगुच्छाबरोबर एक पाकीट मिळालं. घरी येऊन उघडलं, तर आत शंभराची कोरी नोट. मी सवयीनं बोटांनी चाचपली, मग उलटून पाहिली. आयसी होती.

“शंभरच?” हे शेजारून म्हणाले. “जरा घासाघीस केली असतीस, तर एकशे साठ नेपाळी दिले असते त्यांनी.”

मी भागाकार करून पाहिला. बरोबर होता, म्हणून चहा ठेवायला उठले.