गफूरभाईचा डोळा

बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

भूकंपाच्या साली मी मुखेडहून येऊन लातूरच्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. गफूरभाई माझ्याच वयाचा, पण हात माझ्यापेक्षा सरस. गंजलेला नट सोडवावा तर त्यानंच. आधी रॉकेल सोडायचा, थांबायचा. मग पाना नटावर पुरता बसवायचा, पान्याच्या दांड्यावर लांब लोखंडी पाइप चढवायचा आणि हळूहळू वजन टाकायचा. झटका कधीच नाही. पाइपाचं तोंड आधी बोटानं चाचपून बघायचा. आम्ही हसायचो त्याला.

एका संध्याकाळी तो घरी गेल्यावर मी त्याच पाइपावर उभा राहून उड्या मारल्या. नट सुटला, पण पाइपाला तोंडाशी चीर गेली. मालक बोलेल म्हणून मी तो पुन्हा खिळ्याला अडकवला — चीर भिंतीकडे करून. सकाळपर्यंत विसरलो म्हणावं, तर नाही. विसरलो नव्हतो.

सकाळी, भूकंपात पडलेल्या गावांकडे पत्रे न्यायचा ट्रक आला. मागच्या चाकाचा नट हलेना. गफूरभाई पाना बसवून खाली बसला, मी पाइप आणून दिला.

"तोंड बघितलं का, शिवाप्पा?"

"हाव, बघितलं."

एवढंच बोललो मी. आणि त्या दिवशी, ट्रकवाला डोक्यावर उभा असताना, त्यानं माझ्या शब्दावर बोट न फिरवताच जोर लावला. पाइप फाटला, पान्यावरून निसटला. गफूरभाई तोंडावरच आदळला — चाकाच्या लोखंडी कडेवर. उजवा डोळा गेला.

दवाखान्यातून परत आलो आणि पाइप भंगाराच्या ढिगात खाली दाबला. मालकानं विचारलं तेव्हा म्हणालो, पाना नीट बसला नव्हता. हे का बोललो? कुणी माझ्यावर बोट तरी दाखवलं होतं का?

गफूरभाईला पडतानाचं काहीच आठवत नव्हतं. माझंच त्यानं खरं मानलं. पुन्हा पाना हातात घेतला नाही. पुढं शहरात क्लासेस वाढले, गल्लोगल्ली हॉस्टेलं झाली, त्यातल्या एकाच्या फाटकावर तो वॉचमन झाला. मी तिथून जायचो तेव्हा स्टूल पुढं सरकवायचा, चहा मागवायचा. कुणी डोळ्याचं विचारलं की म्हणायचा, "माझीच घाई नडली. पाना बसवला न्हाई नीट." मी शेजारी बसून चहा प्यायचो. किती वर्षं? मोजली नाहीत.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. जनाज्याला मी खांदा दिला. दफन झाल्यावर त्याचा मुलगा जवळ आला.

"चाचा, इतरांना शिकवायचो आणि मीच चुकलो, म्हणायचे अब्बा. लई लाज वाटायची त्यांना. शेवटपर्यंत."

मी मान हलवली. चपला घातल्या आणि घरी आलो.