समुद्रतळाच्या दगडाचा वास

परवा अंबरनाथला एमआयडीसीच्या नाल्यावरून रिक्षा गेली, सडक्या अंड्यांचा वास आला आणि तो दगड आठवला. खोल समुद्राच्या तळाशी उकळत्या पाण्याचे झरे असतात. त्यांच्या अभ्यासाच्या पहिल्या सफरीहून मी तिथल्या दगडाचा तुकडा कात्रपच्या घरी आणला होता. पिशवी उघडताच आई ओरडली, "शी! आधी बाहेर टाक ते!" बाबांनी मात्र दगड थेट नाकाशी धरला. "कसला वास? मला तर काहीच येत नाय." आईने नाकावरचा पदर हळूच खाली घेतला. त्याच नाल्याकाठच्या केमिकल कंपनीत बाबांची तीस वर्षं गेली होती. "सांग ना, कसा आहे?" त्यांनी विचारलं. "खारट," मी खोटंच बोलले. खरं तर तो त्यांच्या कामाच्या शर्टाचा वास होता. बाबा आता नाहीत. परवा रिक्षातल्या सगळ्यांनी नाक दाबलं. मी दाबलं नाही.