आसरांच्या बारवेची किल्ली

“किल्ली कंबरंलाच हाय का आता गळ्यात बांधून घेतलाव, भावजी?”

तुळजाबाईंनी विचारलं तेव्हा बिरदेव बारवेच्या लोखंडी दारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. वर्दीचा निळा शर्ट, खाली धोतर. पुरातत्त्व खात्यानं पँट दिली होती, पण साठीला टेकलेला माणूस पँट घालून मेंढरांपुढं कसा जाईल, असं त्याचं म्हणणं. थोरली भावजय आली म्हणून तो उठून उभा राहिला.

“किल्ली कंबरंलाच हाय, वैनी. काय काम काढलं?”

“शुक्रवारी अयोध्याचा सवा महिना भरतोय. सकाळी तिला घेऊन येते. दार उघडं ठेवा.”

बिरदेवचा हात कंबरेच्या किल्लीवर गेला. तुळजाबाईंना उत्तर कळलंच.

मुरुमपासून आठेक किलोमीटरवर आसरवाडी आहे आणि आसरवाडीत ही बारव. काळ्या दगडाची, चौकोनी, तीन बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेली. हजारेक वर्षांची असेल, असं खात्याचा फलक म्हणतो. तळाशी पाण्याला लागून एक कोनाडा आहे आणि त्यात शेंदूर माखलेले सात गोटे, म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या देवी. गावात बाळंतीण झालेली बाई सव्वा महिन्यानं खाली उतरते, आसरांची ओटी भरते, दहीभात ठेवते आणि तिथल्या पाण्यानं घागर भरून डोक्यावर घेऊन घरी येते. त्या दिवसापासून ती घरचं पाणी भरायला मोकळी. तोवर घागरीला हात लावायचा नाही. बिरदेवची बायको पाच वर्षांमागं वारली. पोरगा शिवराज, अयोध्याचा नवरा, तामलवाडीकडं नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा येणारा. म्हणून गेला सव्वा महिना अयोध्याच्या घरचं पाणी तुळजाबाई भरत होत्या. गुडघ्याला पट्टा बांधून.

“भिंत सुटलीया, वैनी. कोनाड्याच्या बराबर वर पोट आलंय भिंतीला. खालनं बघितलं की दिसतंय.”

“मला दिसतंय. ते पोट कुणाच्या सिमेटानं आलं, तेबी दिसतंय.”

चार वर्षांमागं गावानं बारव साफ केली होती. ट्रॉल्या भरभरून गाळ काढला, झुडपं तोडली, आणि काम नेटकं दिसावं म्हणून भिंतीतल्या सगळ्या फटी सिमेंटनं भरून घेतल्या. माल कालवायला बिरदेव होता. घमेलं डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरायला बिरदेव होता. ग्रामपंचायतीत त्याचा सत्कारही झाला. दोन पावसाळे गेले आणि भिंत फुगली. मग खात्याचे साहेब आले, भिंतीवर हात फिरवत म्हणाले, “हे कोरडं बांधकाम आहे. मुद्दाम फटी ठेवलेल्या. मागच्या मातीतलं पाणी त्यातून आत झिरपायचं. तुम्ही त्याचं नाक दाबलंत. कुणी केलं हे?”

“गावानं,” बिरदेव म्हणाला होता.

त्याच आठवड्यात दार बसलं, कुलूप बसलं, ‘प्रवेश निषिद्ध’ असा फलक लागला, आणि शेजारीच घर आहे म्हणून राखणीला बिरदेवलाच नेमलं. साहेबांनी जाताना भिंतीच्या चिरेवर काचेची एक बोटभर पट्टी आडवी चिकटवली. “भिंत हलली तर ही आधी फुटेल. फुटली की मला कळवा. दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवतो.” त्याला दीड वर्ष झालं. बिरदेव रोज सकाळी खाली उतरून काच बघायचा आणि वर येऊन वहीत लिहायचा, ‘काच ठीक.’

तुळजाबाई गेल्यावर त्यानं साहेबांना फोन लावला.

“साहेब, एकच बाई हाय. सून हाय माझी. पाव घंट्याचं काम. म्या संगं उतरतो.”

“बिरदेव, उद्या तिच्यावर दगड पडला तर?”

“मग टेकू तरी लावा की भिंतीला.”

“प्रस्ताव वर गेलाय. आणि धार्मिक कार्यक्रमाला तर अजिबात परवानगी नाही. एकीला सोडलं की अख्खं गाव येईल. तुमचे लोक दिवे लावतात, तेल सांडतात.”

हे बिरदेवला पटत होतं. तेलाचे डाग त्यानंच राख लावून घासले होते. म्हणूनच जास्त वैताग येत होता.

संध्याकाळी त्यानं मधला मार्ग काढला. दोरीनं बादली सोडून बारवेचं पाणी काढलं, दुसरे सात गोटे धुऊन ओट्यावर मांडले आणि घरात जाऊन सांगितलं, “इथंच पूजा करा. पाणी तिथलंच हाय.”

अयोध्या तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याआधी तुळजाबाई बोलल्या.

“आसरा तुमच्या ओट्यावर यायच्या का? त्या काय पावण्या हायेत? त्यांच्याकडं आपण जायाचं असतं.”

गुरुवारी नऊच्या सुमाराला बारवेपाशी दोन गाड्या थांबल्या. सोलापूरचा कृष्णराज नावाचा फोटोग्राफर, त्याची चार माणसं, आणि लग्न ठरलेली एक जोडी. मुलगी जांभळ्या घागऱ्यात. कृष्णराजनं मोबाइलवर पत्र दाखवलं. खात्याचा शिक्का होता, सही होती. ‘छायाचित्रणासाठी एक दिवसाची परवानगी.’

बिरदेवनं पुन्हा फोन लावला.

“साहेब, काल तर म्हणलाव दगड पडंल.”

“ती परवानगी वरून आलीये. फोटोंमुळं बारवेचं नाव होतं, बिरदेव. भिंतीपासून लांब ठेवा त्यांना, बस.”

त्यानं दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि परत लावून घेतलं. दिवसभर तो पायऱ्यांवर वरखाली करत राहिला. “ताई, तिकडं न्हाय. भाऊ, दिव्याचा दांडा भिंतीला टेकवू नका.”

“मामा, दोन मिनिटं. प्रकाश छान आलाय,” कृष्णराज म्हणायचा. दोन मिनिटांची दहा व्हायची. मग मोठा स्पीकर लागला, जोडीनं पायऱ्यांवर गिरक्या घेतल्या. मुलीला कोनाडा फार आवडला. “हे काय आहे, किती गोड आहे,” म्हणून तिनं गोट्यांपाशी बसून फोटो काढून घेतले.

वर दाराच्या गजांना धरून गावातल्या सात-आठ बाया बघत होत्या. तुळजाबाई मधोमध.

“त्या पोरीचा कितवा महिना भरला म्हणायचा, भावजी?”

बाया हसल्या. बिरदेवनं वर बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी तो नेहमीसारखा खाली उतरला. काच मधोमध तुटली होती. एक तुकडा चिकटलेला, दुसरा खाली पायरीवर. कालच्या दांड्यानं फुटली, स्पीकरच्या धडधडीनं, का भिंतच आपलीआपण सरकली, त्याला काही सांगता आलं नसतं. त्यानं पायरीवरचा तुकडा उचलून घेतला. मग वर येऊन कुलूप लावलं.

बाया आल्याच. पुढं अयोध्या, हिरव्या लुगड्यात, हातात ओटीचं ताट. तान्हं तुळजाबाईंकडं.

“वैनी, आज न्हाय. काच फुटली.” त्यानं तळहातावरचा तुकडा दाखवला.

“काल हुती का काच?”

“हुती.”

“मंजी घागरेवालीनं फोडायची आन माझ्या सुनंनं भोगायचं.”

“वैनी, खाली गेल्यावर काय झालं तर म्या शिवराजला काय तोंड दावू?”

“आन काल त्या पोरीच्या आईबापाला काय तोंड दावणार हुताव?”

याचं उत्तर बिरदेव रात्रीपासून शोधत होता. “काल चुकलं,” तो म्हणाला. आणि मग, कुणी विचारलं नसताना, “सिमेटबी म्याच कालवलं हुतं. साहेबाला गाव म्हणून सांगितलं. म्याच हुतो.”

गावाला ते ठाऊकच होतं.

अयोध्यानं ताट दाराशी ठेवलं. गजांतून खाली बघत हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले आणि उठली.

“झालं म्हणायचं का, पोरी?” तुळजाबाईंनी विचारलं.

“न्हाय आत्या,” अयोध्या म्हणाली. “ह्ये नुसतं येते म्हणून सांगणं झालं. मामा, दार उघडंल तवा म्या खाली जाईन. तवर घागर न्हाय उचलायची.”

“बरं झालं,” तुळजाबाई म्हणाल्या. “आन माझा गुडघा कालपसनं बंद हाय. भावजी, बघा तुमचं तुमी.”

बिरदेवनं काचेचा फोटो साहेबांना पाठवला. ‘बघतो,’ असं उत्तर आलं. रविवारी दुसरी गाडी आली, दुसरं पत्र घेऊन. या वेळी बिरदेव खुर्चीतून उठला नाही.

“बंद हाय.”

“काका, लेखी परवानगी आहे.”

“मग ज्यानं लिवली त्याला उघडायला बोलवा.”

दहा मिनिटांत साहेबांचा फोन. “बिरदेव, कारवाई होईल तुमच्यावर.”

“करा साहेब. काच फुटलीया. सोडायचं तर समद्यांना सोडीन, न्हायतर कुणालाच न्हाय. आन लिवून घ्या, सिमेट म्या लावलं हुतं. आता तुमी टेकू लावा.”

गाडी परत गेली. कारवाई झाली नाही, टेकूही आला नाही.

सोमवारी सकाळी हापशावर बायांच्या रांगेत वर्दीचा शर्ट आणि धोतर उभं राहिलं. डोक्यावर चुंबळ, हातात घागर. सासरा सुनेसाठी पाणी भरतोय हे आसरवाडीनं याआधी पाहिलं नव्हतं.

“मामा, बाळंतपण सुनंचं झालं का तुमचं?”

“रांगंत या, वर्दी दावून मधी घुसू नका.”

बिरदेव रांगेतच उभा होता. पहिल्या दिवशी निम्मं पाणी शर्टावर सांडलं. आठवड्यानं मान ताठ राहायला लागली. घरी गेलं की अयोध्या दारातच विचारायची, “फोन आला?” तो मान हलवायचा आणि घागर उतरवायचा. तुळजाबाई आपल्या ओट्यावरून बघायच्या. त्या शुक्रवारपासून बंद झालेलं बोलणं अजून बंदच होतं.

आज रांगेत त्याच्या मागं शुभांगी होती. गुंडप्पाची सून, पोट पुढं आलेलं.

“मामा, माझा बी सवा महिना दिवाळीला भरंल. तवर उघडंल का?”

बिरदेवनं हापशाचा दांडा धरला. दोन-तीनदा कोरडा हापसला, मग पाणी लागलं.

“गुंडप्पाला घागर घिऊन धाड,” तो म्हणाला. “आतापसनंच सवय कर म्हणावं.”