गल्लीच्या तोंडाशी आडवी गाडी

पहिल्या गाडीचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे हळवे होऊन सांगत असतात, कुणी वेरूळला पहिली चक्कर कशी मारली, कुणाचे वडील हॉर्नलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. मी डबा संपवून उठते. आमच्या पहिल्या गाडीच्या आठवणीत रक्त आहे, आणि तरीही मला मनापासून आवडलेली गाडी ती एकच. हे कुणाला काय म्हणून सांगू?

ती छोटी, पांढरी, जुनी गाडी बाबांनी गुलमंडीतल्या एका कापडवाल्याकडून घेतली होती. मागच्या सीटला बरेच दिवस कोऱ्या कापडाचा वास येत होता. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. आमची वसाहत शहराच्या पार टोकाला. कालपरवापर्यंत जिथं ज्वारी उभी असायची तिथं प्लॉट पडले होते. आधी घरं आली, मग कसेबसे रस्ते आले, नळ काही आले नाहीत. त्यात पावसानं सलग दगा दिला आणि बोअर आटले. गल्लीतले लोक बाबांना चिडवायचे, धरणं तुमच्या खात्याची आणि घरात तांब्याभर पाणी नाही. बाबा हसून सोडून द्यायचे. गाडी मात्र ते रोज ओल्या फडक्यानं पुसायचे, आणि फडकं पिळून निघालेलं मळकं पाणी आई संडासात ओतायला ठेवायची.

पाण्याचा टँकर आधी आमच्या गल्लीत यायचा आणि उरलं तर मागच्या गल्लीत जायचा. उरायचं नाही, कारण आम्ही उरू द्यायचो नाही. टँकर आत शिरला की बाबा गाडी काढून गल्लीच्या तोंडाशी आडवी लावायचे. आमचा शेवटचा ड्रम भरेपर्यंत टँकरला हलता यायचं नाही. हे कुणी ठरवलं ते आठवत नाही, पण गल्लीत चारचाकी एकट्या आमच्याकडं, त्यामुळं ते काम बाबांच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणते खरी, पण त्यांना ते आवडायचं. ऑफिसात ज्यांना कुणी धड चहाचंही विचारत नव्हतं, त्यांना इथं लोक "साहेब, लावा गाडी" म्हणायचे. मला ते तेव्हाही पटत नव्हतं. सरळ सांगायचं तर आम्ही मागच्या गल्लीचं पाणी पळवत होतो.

आई म्हणायची, एक दिवस ते लोक गाडी फोडतील.

"माणूस आत बसलेला असला की गाडीला कुणी हात लावत नसतं," बाबा म्हणायचे.

ही अस्सल सरकारी समजूत. ज्या खुर्चीत माणूस बसलाय ती खुर्ची कुणी उचलत नाही, यावर त्यांची सगळी नोकरी झाली होती. म्हणून गाडी आडवी लावली की ते आतच बसून राहायचे, काचा वर, मांडीवर पेपर, अंगातून घामाच्या धारा.

त्या दिवशी उन्हाळ्याची सकाळ होती आणि मागच्या गल्लीत कित्येक दिवस थेंब पोचला नव्हता. ते सगळेच आले, बाया पुढं आणि माणसं मागं. आधी शिव्या झाल्या. मग त्यांच्यातल्या एकीनं आमच्याकडचा भरलेला ड्रम लाथेनं आडवा केला, आणि आमच्याकडच्या एकीनं तिची वेणी धरून तिला त्याच चिखलात लोळवलं. पुढं जे झालं त्याला भांडण म्हणत नाहीत. लोखंडी पाइप निघाले, कुणी हापशाचा दांडा आणला. आमच्या शेजारचे गृहस्थ, एरवी मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारे, खाली पडलेल्या माणसाच्या पाठीत बादलीच्या काठानं घाव घालत होते. एकाचा ओठ नाकापर्यंत फाटला होता आणि तो तशाच तोंडानं शिव्या देत होता.

मग मागच्या गल्लीचे सगळे गाडीकडं वळले. टँकर सोडवायचा तर गाडी हटायला हवी होती. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवली. बाबांनी दारं आतून लावून घेतली आणि हॉर्न दाबून धरला. मी फाटकातून ओरडत होते, बाबा बाहेर या, गाडी जाऊ द्या. मला गाडीची नाही, या माणसाच्या हट्टाची भीती वाटत होती. त्यांनी माझ्याकडं बघून नकारार्थी मान हलवली. पुढच्या काचेवर पाइप बसला आणि तिची डावी बाजू तडकून पांढरी झाली, तरी ते उतरले नाहीत. मग त्यांच्यातल्या एकानं ड्रायव्हरच्या बाजूनं वीट घातली.

हॉर्न थांबला आणि त्याबरोबर सगळेच थांबले. टँकरचं पाणी तेवढं धो धो वाहत होतं, आणि त्या शांततेतही कुणीतरी त्याखाली बादली सरकवली.

बाबांचा चेहरा मी नीट पाहू शकले नाही. दवाखान्यात न्यायचं तर गाडी ती एकच होती आणि गल्लीत ती चालवणारेही बाबाच. टँकरवाला केव्हाच पळाला होता. तेव्हा ज्यानं वीट घातली होती तोच माणूस पुढं आला, कंपनीची बस चालवणारा, मागच्या गल्लीतला.

"मी चालवितो," तो म्हणाला. "बसा लवकर."

बाबांचं डोकं मांडीवर घेऊन आई मागं बसली. मी त्याच्या शेजारी. स्टिअरिंगवरच्या त्याच्या बोटांना विटेची लाल माती होती. त्याची मान धरून ती तडकलेल्या काचेवर आपटावी असं मला रस्ताभर वाटत होतं, आणि त्यानं आणखी जोरात गाडी पळवावी असंही वाटत होतं. मागून बाबांचा आवाज आला, "दुसरा गिअर अडकतो. जरा दाबून टाका."

"काका, तुम्ही बोलू नका," तो म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात बाबांना आत नेलं. आईनं वळून त्या माणसाच्या मुस्काटात दिली. मग देतच राहिली, बांगड्या फुटून तिचंच मनगट रक्तानं माखेपर्यंत. तो हात खाली सोडून उभा होता. मागं रुग्णवाहिका हॉर्न वाजवत होती, कारण आमची गाडी दारातच उभी होती.

"गाडी काढा तिथनं," आई धापा टाकत म्हणाली. "मागच्यांना आत येऊ द्या."

उजवा डोळा वाचला नाही. पोलिसांना बाबांनी सांगितलं, वीट कुणी मारली ते दिसलं नाही. यावरून मी त्यांच्याशी कडाडून भांडले. ते म्हणाले, त्याच्या घरी प्यायला पाणी नव्हतं आणि मी वाटेत बसलो होतो.

नव्या काचा बसल्यावर ते गाडी मागं घ्यायला गेले आणि फाटकाच्या खांबावर आदळले. एका डोळ्याला अंतर कळत नाही. खाली उतरून त्यांनी चावी माझ्या हातात दिली. दौलताबादच्या रस्त्यावर मी गाडी शिकले. बाबा डावीकडं बसायचे, म्हणजे मी नेमकी त्यांच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला. मला बघायचं तर त्यांना सगळा चेहरा वळवावा लागे. समोरून ट्रक आला की ते म्हणायचे, डावीकडं हातभर जागा आहे, घाल. तिथं दोन बोटंसुद्धा जागा नसायची. पहिल्यांदा मी तसं बोलून दाखवलं, तर त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं ते घरी येईपर्यंत. त्यानंतर मी नुसतं "हो बाबा" म्हणायचे, गाडी उभी करायचे आणि ट्रक जाऊ द्यायचे. हो म्हणून गाडी का थांबवलीस, असं त्यांनी मला कधीच विचारलं नाही.