वरच्या मजल्यावरची तांते

माझी मुलगी डचमध्ये वाद घालते तेव्हा तिचा आवाजच बदलतो. मराठीत ती कुरकुरते, इंग्रजीत समजावून सांगते, पण डचमध्ये ती टेबलावर हात आपटते. हे मला कळलं ते स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून. हात आपटला जात होता तो वरच्या मजल्यावर, शेजारणीच्या टेबलावर.

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या या बिल्डिंगमध्ये आम्ही आलो तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. माझी नोकरी झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेत, नवऱ्याची आयटीमध्ये, दोघांचंही ऑफिस इंग्रजीत चालणारं. मुलीचा डचचा गृहपाठ कुणी घ्यायचा हा प्रश्न पडला, तेव्हा मीच जिना चढून वर गेले आणि शेजारणीला विचारलं. ती शाळेत इतिहास शिकवायची. तिचे पणजोबा बिहारमधून सुरिनाम या डच वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांत गेलेले, आईवडील सुरिनाम स्वतंत्र होताना इकडे आलेले आणि ती इथेच जन्मलेली. माझ्याशी ती तिच्या आजीकडून आलेल्या हिंदीत बोलायची. "भेज दो लडकी को, का भइल?" असं म्हणाली आणि मी निश्चिंत झाले. मुलगी तिला तांते म्हणायला लागली. डचमध्ये मावशी, काकू, आत्या सगळ्यांना तोच एक शब्द. मला तेव्हा तो फार गोड वाटला होता.

मुलगी सोळा वर्षांची झाली आणि वरचा गृहपाठ संपून वरच्या गप्पा सुरू झाल्या. नागरिकत्वासाठी लागणारी राहण्याची वर्षं पाचावरून दहा करायचा सरकारचा प्रस्ताव होता. बातम्यांत रोज त्यावर चर्चा असायची. आमच्या घरात नसायची. आम्ही नागरिकत्वाचा अर्ज वर्षानुवर्षं पुढे ढकलत आलो होतो. अर्ज करायचा तर भारताचा पासपोर्ट सोडायला हवा, आणि त्याला नवऱ्याचं मन तयार होत नव्हतं. माझी अडचण दुसरी होती. डचची परीक्षा द्यायला लागते आणि माझं डच सुपरमार्केटच्या काउंटरपलीकडे जात नव्हतं.

एका शनिवारी आमच्याकडे मिसळीचा बेत होता. हूफडॉर्पहून नवऱ्याचे एक मित्र आले होते. विषय निघाला तसे ते म्हणाले, "अहो, ते आपल्यासाठी नाहीच आहे. जे लोक इथे येऊन काही करत नाहीत, त्यांच्यासाठी आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मुलगी पाव घ्यायला आली होती. ती म्हणाली, "ते लोक म्हणजे कोण, काका? प्रत्येकाचे 'ते लोक' वेगळे असतात. त्यांच्या यादीत तुम्ही पण आहात."

मराठीत म्हणाली, थोडं अडखळत, पण स्पष्ट. काका हसले आणि त्यांनी विषय बदलला. त्यांच्या वतीने मी ओशाळायला हवं होतं, किंवा मुलीचं कौतुक वाटायला हवं होतं. दोन्ही झालं नाही. वाक्य तिचं नव्हतं, वरचं होतं, हे मला ताबडतोब कळलं होतं. माझ्या घरात, माझ्या भाषेत, त्या बाईचं वाक्य माझ्या मुलीच्या तोंडून बाहेर पडलं होतं. पाहुणे गेल्यावर मी उगाचच भांडी जोरात घासली.

मग वाचनालयात त्याच विषयावर चर्चेचा कार्यक्रम झाला. व्यासपीठावर एक स्थानिक राजकारणी, समोर वस्तीतली माणसं. घानाची, सुरिनामची, तुर्की, काही जुने डच म्हातारे. मुलगी तांतेच्या शेजारी पहिल्या रांगेत बसली होती. मी ऑफिसमधून धावत आले तोवर त्यांच्या मागची एकच खुर्ची उरली होती. निम्मं कळत होतं, निम्मं नाही. एकदा सगळे खळखळून हसले आणि मीही हसले, कशाला ते न कळता. तांते मागे वळून मला हिंदीत सांगायला लागली. आजूबाजूचे बघायला लागले. मी हातानेच नको म्हटलं.

मग मुलगी उठली. माइक हातात घेऊन ती शांतपणे बोलली. डॉक्टरच्या दवाखान्यातली रिसेप्शनवरची बाई आईच्या दुखण्याबद्दल आईला न विचारता मला विचारायची, तेव्हा मी दहा वर्षांची होते, असं काहीतरी. 'मूडर' म्हणजे आई, हा शब्द किती वेळा आला ते मी मोजलं नाही, पण दरवेळी तो ऐकू आल्यावर दचकले. तिला अठराव्या वर्षी मत द्यायचंय, आणि हा कायदा झाला तर अर्जच अठराव्या वर्षी करता येईल, मग त्या वर्षी मत देता येणार नाही, हेही ती म्हणाली. टाळ्या झाल्या. तांतेने उभी राहून तिला मिठी मारली आणि म्हणाली, "माझी पोरगी." डचमध्ये. एवढं डच मला येत होतं.

घरी चालत येताना मी विचारलं, "माझ्याबद्दल बोलायच्या आधी मला विचारावंसं नाही वाटलं?"

"तू नको म्हणाली असतीस."

"तिला विचारलंस?"

"तिला वाचून दाखवलं होतं. तिने दोन ठिकाणी बदललं."

मी पाऊल उचललं आणि तिच्या पुढे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. तांते कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्यानेच म्हटलं, "वो मेरी बेटी है." इतकं बाळबोध वाक्य निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"मालूम है," ती म्हणाली. "तुम उसको बोलती हो, धीरे बोलो. मैं बोलती हूं, जोर से बोलो. जहां जोर से बोलने को मिलता है, वहां आती है."

मला राग आला. मी म्हटलं, तुम्हाला ओरडणं परवडतं. तुमचा पासपोर्ट लाल आहे, डच, तुम्हाला कुणी परत जा म्हणू शकत नाही. आम्ही आवाज चढवला की आधी नोकरी आठवते, मग राहण्याचा परवाना आठवतो. आईवडिलांनी शिकवलंय, दुसऱ्याच्या घरात मान खाली घालून राहावं.

ती घडी घालायची थांबली. तिच्या हिंदीत म्हणाली, "परत जा तर मला दर महिन्याला कुणीतरी म्हणतं. मेट्रोपलीकडच्या दवाखान्यात जन्मले मी, तिथे परत जाऊ?" मग थोडं थांबून म्हणाली, "पण पासपोर्टचं तू म्हणतेस ते खरं आहे. मला भीती वाटत नाही. माझ्या आईला वाटायची. ती पण मला हळू बोल म्हणायची."

मला तिच्याशी भांडायचं होतं आणि ती माझं म्हणणं मान्य करत होती. तिची टापटीप बैठक, भिंतीवरचे तिच्या विद्यार्थ्यांचे फोटो, त्यांत एका कोपऱ्यात माझी मुलगी, दात पडलेली, हसणारी. तो फोटो आमच्याकडे नव्हता. त्या क्षणी मला नेमकं कशाचं वाईट वाटत होतं ते सांगता येणार नाही. मुलीचं तर होतंच. पण त्याहून जास्त त्या बाईच्या रागाचं. एखाद्या देशावर हक्काने रागावता यावं, इतका तो आपला असावा, हे तिच्याकडे होतं आणि माझ्याकडे नव्हतं. पुण्यात होतं. ते कधी सुटलं ते लक्षातही आलं नव्हतं.

जायला निघाले तेव्हा मी म्हटलं, "मुझे भी पढाओगी? परीक्षा देनी है."

"बैठो," ती म्हणाली. लगेच, तेव्हाच.

शिकणं सुखाचं नव्हतं. मुलगी त्याच टेबलाशी बसून माझे उच्चार ऐकायची आणि ओठ दाबून हसायची. घरी मी तिला रागावले असते, वर मात्र रागावता यायचं नाही. नवरा म्हणाला, तू घे नागरिकत्व, मी आहे तसाच राहतो, घरात दोन्ही असू देत. बोलण्याच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. तांतेने पाठीवर हात ठेवला तेव्हा मी अंग चोरून घेतलं. दुसऱ्यांदा पास झाले. अर्ज गेला आहे, त्यात मुलीचं नावही आहे. प्रस्तावावरचा वाद अजून चालूच आहे, आमचा निकाल त्याच्या आधी लागतो की नंतर, माहीत नाही.

मध्यंतरी त्या प्रस्तावाविरुद्ध हेगला मोर्चा होता. मुलगी आणि तांते निघाल्या, मीही रजा टाकून गेले. आयुष्यातला पहिलाच मोर्चा. स्टेशनवर मुलीने कापडी फलक उलगडला, एक टोक स्वतः धरलं, दुसरं तांतेकडे दिलं आणि माझ्याकडे डब्यांची पिशवी दिली. "आई, एवढं धरशील?"

मी धरली. त्यात थालीपीठं होती, मीच पहाटे उठून केलेली. दोघी पुढे, मी मागे. गर्दीने घोषणा द्यायला सुरुवात केली. मला त्यातला एक शब्द नीट लागेना, तरी मी तो ओरडले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने आणि बहुतेक चुकीचा. मुलीने वळून पाहिलं. रागावली की काय, असं वाटलं. तिने तांतेच्या कानात काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या, आणि मिसळीच्या त्या शनिवारसारखाच मला पुन्हा तांतेचा हेवा वाटला. घोषणा मात्र मी थांबवली नाही.