उत्तरावर ठेवलेला हात

माझ्या नावावर छापलेले सर्वांत चांगले उत्तर माझे नव्हते. ही गोष्ट मी दहा वर्षे कोणाला सांगितली नाही. त्या उत्तरापायी मी एक खोटेही बोललो, आणि ते खोटे चोरीहून मोठे होते. पण ज्या बाईंशी खोटे बोललो, त्यांची ओळख आधी करून दिली पाहिजे.

पहूरला सगळे त्यांना अक्का म्हणत. समोर पुस्तक उघडले की त्या उजवा तळहात पानावर पालथा ठेवत. प्रश्न वर दिसत राही, उत्तर हाताखाली जाई. "काहून घाई करू राह्यली? हात ठेव आधी," असे त्या मुलींना म्हणत, आणि मुलगीही आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवी.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. जळगावच्या एका प्रकाशकाकडे मी दहावीची मराठीची गाईडे लिहीत असे. वय सत्तावीस, अंगात पदवीचा ताठा. एक दिवस एक पोस्टकार्ड आले. "नावाडी कर्तव्यदक्ष होता, म्हणून त्याने होडी परत वळवली, असे आपण लिहिता. कर्तव्यदक्ष असता तर त्याने प्रवाशाला पलीकडे पोचवले असते. धडा पुन्हा वाचावा." मी धडा पुन्हा काय, एकदाही नीट वाचला नव्हता. हे ओळखणारे माणूस पाहावे म्हणून मी पहूरची बस धरली.

अक्कांच्या ओसरीवर तीन मुली बसल्या होत्या. सातवीनंतर तिघींची शाळा सुटली होती. एकीला धाकटी भावंडे सांभाळायची होती, एकीचा पाय अधू होता, आणि नलूच्या वडिलांना मुलीने रोज बसने तालुक्याला जाणे पसंत नव्हते. तिघी अक्कांकडे शिकून बाहेरून दहावीला बसणार होत्या. वाचनाचे वेड असे, की वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागदही सरळ करून वाचल्याशिवाय चुलीत जात नसे.

माझे गाईड मला तिथे ओळखू आले नाही. अक्कांनी खळ करून प्रत्येक उत्तरावर वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली होती. आधी धडा दोनदा वाचायचा, मग प्रश्न, मग वहीत आपले उत्तर. त्यानंतर ओल्या बोटाने पट्टी सोडवायची, आणि गाईडला गुण द्यायचे.

"गाईडले दहापैकी चार," नलू म्हणाली.

"तीन दे," पाय अधू असलेली म्हणाली. "छापेल हाये म्हनून एक जास्ती नको देऊ."

"अवं, लिहिणारे समोर बसले हायेत!" अक्का म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊ, राग मानू नका. पण तीनच बरोबर."

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, जी आपला अपमान करतात आणि वर आग्रहाने दुसऱ्यांदा चहा देतात. मी पुन्हा पुन्हा जात राहिलो. मुलींची उत्तरे ऐकताना वाटे, की आपण लिहितो ते केवळ उत्तरासारखे दिसते.

नावाड्याच्या त्या प्रश्नाला नलूने वहीत लिहिले होते: "प्रवासी सारखा मागे पाहत होता. ज्याची मान मागे वळलेली आहे, त्याला पलीकडे पोचवता येत नाही, हे नावाड्याला कळले."

दिवाळीत मी ती वही मागून घेतली. "दोन दिवसांत आणून देतो," म्हणालो. अक्का उत्तराखाली तारीख घालून सही करत. तशी याही उत्तराखाली होती. मी ते उत्तर शब्दशः नव्या आवृत्तीत घातले. आवृत्ती जूनमध्ये निघाली. मालकांनी पाठ थोपटली. वही माझ्या टेबलाच्या खणात राहिली.

मार्चमध्ये परीक्षेला नेमका तोच प्रश्न आला. आपले स्वतःचे वाक्य कोण विसरते? नलूने तेच लिहिले. त्या केंद्राविषयी कॉपीच्या तक्रारी झाल्या होत्या, म्हणून उत्तरपत्रिका पुन्हा पाहिल्या गेल्या. तिचे उत्तर गाईडशी अक्षरन् अक्षर जुळले. निकाल राखून ठेवून तिला चौकशीला बोलावण्यात आले.

चौकशीच्या दोन दिवस आधी, भर उन्हात, अक्का जळगावला आल्या. प्रथमच त्या माझ्यासमोर ग्राहकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. पिशवीतून त्यांनी नव्या आवृत्तीची आपली प्रत काढली. नावाड्याचा प्रश्न मुलींनी आदल्या वर्षीच सोडवला होता, म्हणून तिथली पट्टी कोणी उचललीच नव्हती.

"नलूनं हे वाचलेलं नाही, याला ही पट्टी साक्ष आहे. पण पट्टीवर कोण विश्वास ठेवणार?" त्या म्हणाल्या. "वहीत माझी सही आहे, तारीख आहे. वही तुमच्याकडं राहिली असेल, तर द्या. तिच्या बापानं एकदाच बसू दिलंय, भाऊ."

वही खणात होती आणि माझा उजवा हात खणाच्या कडेवर होता. वही दिली असती, तर मी चोर ठरलो असतो.

"वही मी तेव्हाच परत केली, अक्का," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले नाही, हाताकडे पाहिले. बराच वेळ. मग "बरं," म्हणाल्या आणि उठल्या. पाणीही घेतले नाही.

निकाल रद्द झाला. नलूचे लग्न दोंडाईचाला झाल्याचे मला वर्षभराने कळले. अक्कांचे पोस्टकार्ड पुन्हा कधी आले नाही. मी प्रकाशकाची नोकरी सोडली आणि धुळ्यात शिकवू लागलो. वर्गात कोणी सुंदर उत्तर दिले, की माझी नजर आपोआप माझ्या उजव्या हाताकडे जाई. घरे बदलली, वही प्रत्येक घरात माझ्याआधी पोचल्यासारखी वाटे. कोणताही खण ओढताना मी क्षणभर थांबत असे. अजूनही थांबतो.

नव्वदचे दशक सरताना अक्का गेल्याचे ऐकले. पहूरला गेलो. त्यांच्या पुतण्याने कपाट उघडून दिले. गाईडांची चळत होती, सगळ्यांच्या पट्ट्या उचललेल्या. एका प्रतीत मात्र नावाड्याच्या उत्तरावरची पट्टी तशीच होती. कागद पिवळा पडला होता, खळ सुकून कडा कडक झाल्या होत्या. पट्टीवर अक्कांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते: "दहापैकी दहा. नलू."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन दोंडाईचाला गेलो.

नलू अंगणात मिरच्या पसरत होती. तिने मला ओळखले. मी वही पुढे केली, तशी तिने हात पदराला पुसले, पुसतच राहिली, मग घेतली. नेमके ते पान तिला लगेच सापडले.

"कुठे होती?"

"माझ्याकडे."

"अक्का तुमच्याकडे आली व्हती, तवा?"

"माझ्या हाताखाली. खणात."

मिरच्यांचा तिखट खाट नाकात जात होता. दोघांच्याही डोळ्यांना पाणी आले, आणि ते कशाने आले, हे कोणी विचारले नाही. मग तिने घरात हाक मारली. तिसरीत शिकणारी मुलगी बाहेर आली. तिच्या हातात गोष्टीचे पुस्तक होते, पानात बोट घातलेले.

"हिले शाळेत पोरी म्हनतस, तुनी माय कॉपी करताना सापडनी," नलू म्हणाली. "सासू आत शे, तीबी दहा वरीस तेच म्हनी ऱ्हायनी. मी सांगितलेलं कोनी खरं मानत नाही. तुम्ही सांगा, भाऊ. जरा मोठ्याने."

आतली भांड्यांची खडखड थांबली होती. मी दोन्ही हात समोर धरले, रिकामे, आणि मुलीकडे पाहून, पण आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो:

"बाळ, तुझ्या आईने कॉपी केली नाही. कॉपी मी केली. ते उत्तर तिचं होतं, ही वही माझ्याकडे होती, आणि मी अक्कांना नाही म्हणालो. नलूताई, मला क्षमा करा. अक्का, मला क्षमा करा."